मणक्याच्या ऑपरेशननंतरही कंबर दुखत राहिली तर: पुन्हा ऑपरेशन न करता काय करता येतं

ऑपरेशनला तीन-चार महिने उलटले. टाके केव्हाच सुकले, एक्सरेत स्क्रू जागच्या जागी आहेत, सर्जन म्हणतात सगळं व्यवस्थित आहे. तरीही सकाळी उठताना कंबर धरते आणि थोडं चाललं की पायात कळ जाते. असं दुखणं विरळा नाही. कंबरेच्या मणक्याचं ऑपरेशन झालेल्यांपैकी साधारण १० ते ४० टक्के लोकांचं दुखणं कमीअधिक प्रमाणात टिकून राहतं असं सांगितलं जातं. आकडा इतका सैल असण्याचं कारण म्हणजे ऑपरेशनचे प्रकार वेगळे आणि 'दुखणं राहिलं' कशाला म्हणायचं याची मोजपट्टीही वेगळी. फाइलवर 'फेल्ड बॅक सर्जरी सिंड्रोम' किंवा अलीकडच्या कागदांवर 'पर्सिस्टंट स्पायनल पेन सिंड्रोम, टाइप २' असं लिहिलेलं दिसेल. दोन्ही एकच.

ते निदान मात्र नव्हे. ऑपरेशन झालं आणि अजून दुखतंय, एवढंच त्यातून कळतं. नेमकं काय दुखतंय हे न शोधता पट्टा, मलम, गोळ्या, इंजेक्शन असं एकापाठोपाठ एक करून पाहण्यात वर्ष-दीड वर्ष सहज निघून जातं. म्हणून या लेखात उपायांच्या आधी दुखण्याची ओळख घेतली आहे. ती वाचायचा कंटाळा येईल, पण ती वगळून पुढच्या उपायांना अर्थ नाही.

थांबून चालणार नाही अशी लक्षणं

पुढीलपैकी काहीही दिसलं तर व्यायाम, शेक वगैरे बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं:

- लघवी तुंबणं, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं, सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर होणं. यात तासांनाही किंमत असते.
- पाऊल नव्याने लुळं पडणं, चालताना चवडा जमिनीला घासणं.
- ताप, थंडी, जखमेतून पू किंवा पाणी येणं, आणि रात्री आडवं पडूनही न थांबणारा ठणका.
- जखमेतून पाण्यासारखा स्वच्छ द्रव येणं किंवा उभं राहिलं की डोकं दुखणं आणि आडवं झालं की थांबणं. मज्जारज्जूभोवतीचं पाणी झिरपत असू शकतं.
- एकाच पोटरीला सूज, दुखरेपणा, गरमपणा. सोबत धाप लागत असेल तर आणखी घाई.
- पडल्यानंतर अचानक वाढलेलं दुखणं, कारण नसताना घटणारं वजन, किंवा पूर्वी कॅन्सर झालेला असणं.

पायरी १: कोणतं दुखणं, ते ओळखा

आधी वेळेचा हिशेब. कापलेले, बाजूला सारलेले स्नायू भरून यायला ६ ते १२ आठवडे लागतात. फ्युजन (मणके एकमेकांना जखडून एकसंध करणं) केलं असेल तर हाड जुळायला ६ महिने ते वर्ष. दबलेली नस सगळ्यात सावकाश सुधारते. इजा झालेला तंतू दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतो, त्यामुळे पायाचा बधिरपणा वर्षभर रेंगाळला तरी त्याचा अर्थ ऑपरेशन फसलं असा होत नाही. तीन महिन्यांनंतरही टिकणाऱ्या दुखण्याला जुनाट म्हणतात. त्याआधी फक्त एकच पाहायचं: दुखणं आठवड्यागणिक उतरतंय की चढतंय.

आता एक आठवडा वही ठेवा. शरीराचं साधं चित्र काढून दुखरी जागा रंगवा. ठणका, जळजळ, करंट आणि बधिरपणा यांना वेगवेगळ्या खुणा करा. सकाळ, दुपार आणि रात्र असे ० ते १० मध्ये आकडे लिहा. त्या वेळी काय करत होता, हेही लिहा. सात दिवसांत नमुना दिसू लागतो.

पाय कंबरेपेक्षा जास्त दुखत असेल तर गाडी नसेकडे वळते. त्यातही काळ महत्त्वाचा. ऑपरेशननंतर काही आठवडे पाय मोकळा होता आणि मग एका शिंकेनंतर किंवा काही उचलल्यावर तीच जुनी कळ परत आली, तर गादीचा (दोन मणक्यांमधल्या डिस्कचा) तुकडा पुन्हा सरकल्याची शंका घ्यायची. काही महिन्यांनी हळूहळू ओढ वाढत गेली, तर नसेभोवती तयार झालेला चिवट व्रण कारण असू शकतो. कळ एक दिवसही गेलीच नसेल, तर नस अजून दबलेली आहे का, दुसऱ्याच पातळीवर दुखणं आहे का, की ती आधीच दुखावली गेली होती, असे तीन प्रश्न उरतात. चादर घासली तरी पायाला आग होत असेल तर नस स्वतःच बिघडलेले संदेश पाठवते आहे. तिथे दाब काढून फायदा होत नाही.

कंबरेच्या खाली, नितंबावरच्या खळगीपाशी एका बोटाने जागा दाखवता येत असेल आणि कूस बदलताना, जिना चढताना, खुर्चीतून उठताना तिथेच टोचत असेल, तर सॅक्रोइलियाक सांधा (मणक्याचा तळ आणि कंबरेचं हाड जोडणारा) तपासून घ्या. फ्युजन माकडहाडाच्या वरच्या हाडापर्यंत, म्हणजे सॅक्रमपर्यंत, नेलं असेल तर हे विशेष दिसतं, कारण जखडलेल्या मणक्यांचा सगळा भार आता त्या सांध्यावर येतो. मागे वाकल्यावर किंवा बराच वेळ उभं राहिल्यावर फ्युजनच्या वरच्या बाजूला दुखत असेल तर संशय तिथल्या छोट्या फॅसेट सांध्यांवर, म्हणजे मणक्यांना मागून जोडणाऱ्या सांध्यांवर. चालताना दोन्ही पोटऱ्या भरून येतात आणि पुढे वाकून टेकलं की दोन मिनिटांत उतरतात, तर मणक्याची नळी कुठेतरी अरुंद आहे. फ्युजननंतर काही महिने बरं वाटून मग प्रत्येक हालचालीला खोल कळ येऊ लागली, तर हाड जुळलं नाही किंवा स्क्रू ढिला झाला हे आधी तपासायचं. आणि जांघेत दुखतंय, मोजा घालताना पाय वर घेता येत नाही, असं असेल तर दोष खुब्याचा असू शकतो. कंबरेच्या फायली घेऊन फिरणाऱ्या अनेकांचा खुबा कोणी हलवूनही पाहिलेला नसतो.

उरतो तो पट्ट्यासारखा, संध्याकाळी वाढणारा, जागा नेमकी न सापडणारा ठणका. तो बहुतेक स्नायूंचा असतो, आणि तोच व्यायामाला सगळ्यात चांगली दाद देतो.

डॉक्टरांकडे जाताना ही वही, ऑपरेशनची नोंद (कोणत्या पातळीवर काय केलं, काय बसवलं), आणि ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा एमआरआय एकत्र न्या. नवा एमआरआय सांगितला तर तो गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन करायचा का, हे विचारा. या औषधाने व्रण सगळीकडे उजळतो, तर सरकलेल्या गादीचा गाभा काळा राहतो, म्हणून दोन्हींतला फरक कळतो. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी सांगा. हाड जुळलं का हे एमआरआयपेक्षा सीटी स्कॅनमध्ये नीट दिसतं, आणि मणका सरकतो का हे उभ्याने पुढे-मागे वाकून काढलेल्या एक्सरेत. रिपोर्टमध्ये 'व्रण' हा शब्द वाचून घाबरू नका. दुखणं अजिबात नसलेल्यांच्या एमआरआयमध्येही तो असतो.

पायरी २: हालचालीचा डोस ठरवा

कोणता व्यायाम, यावर लोक फार वाद घालतात. किती आणि कधी वाढवायचा, यावर कमी. आमच्या मते दुखणं लांबण्याचं सगळ्यात मोठं कारण इथेच आहे: बरं वाटलं त्या दिवशी राहिलेली सगळी कामं उरकायची, मग तीन दिवस झोपून काढायचे. चौथ्या दिवशी पुन्हा तेच. दर फेरीत शरीराची ताकद थोडी घटते आणि मेंदू एवढंच शिकतो की हालचाल म्हणजे धोका.

यावर उपाय म्हणजे मोजमाप. चालण्यापासून सुरुवात करा, कारण त्याला काहीही लागत नाही. तीन वेगवेगळ्या दिवशी सपाट जागेवर चाला आणि दुखणं नेहमीपेक्षा २ अंकांनी वाढलं की घड्याळ पाहा. समजा ९, १२ आणि ९ मिनिटं आली. सरासरी १०. तिच्या ८० टक्के, म्हणजे ८ मिनिटं, हा तुमचा पाया. आता रोज ८ मिनिटं, दिवसातून तीनदा. बरं वाटलं तरी ८, वाईट दिवस असला तरी ८. घड्याळावर थांबायचं, दुखण्यावर नाही.

हा आठवडा नीट गेला तर पुढच्या आठवड्यात एक मिनिट वाढवा. वाढ साधारण १० टक्के. ८ वरून २० मिनिटांवर यायला बारा आठवडे लागतात. कंटाळा येतो, पण वाढ टिकते. पुढे तीन फेऱ्यांच्या दोन करा आणि एकसलग ३० मिनिटांकडे जा. साध्या कंबरदुखीतून बरे झालेल्या ७०१ जणांवरचा चालण्याचा एक अभ्यास २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यात हळूहळू वाढवत, फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाने चालणाऱ्यांना दुखणं पुन्हा उपटायला मध्यकाने (निम्म्यांना त्याआधी, निम्म्यांना त्यानंतर) २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांना ११२. हा अभ्यास ऑपरेशननंतरच्या दुखण्यावरचा नव्हता, पण दिशा कळते.

किती दुखलं तर चालतं? व्यायामात २ अंकांपर्यंत वाढ आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळ पातळीवर परत, तर डोस योग्य. सकाळीही वाढलेलंच असेल तर डोस २० टक्के कमी करा, पण बंद करू नका. एकच अपवाद आहे: दुखणं कंबरेतून खाली सरकत मांडी, पोटरी, पाऊल असं लांब जात असेल किंवा बधिरपणा पसरत असेल, तर तो व्यायाम थांबवून तपासून घ्या. उलट पायातलं दुखणं आखडून कंबरेत आलं आणि कंबर थोडी जास्त दुखली, तर ते बहुधा चांगलं लक्षण असतं.

पायरी ३: कंबरेचे व्यायाम

मागच्या बाजूने उघडून ऑपरेशन करताना मणक्याला चिकटलेला मल्टिफिडस हा खोल स्नायू बाजूला ओढावा लागतो. नंतर तो रोडावतो आणि एमआरआयमध्ये त्याच्या जागी चरबी दिसते. फक्त चालण्याने तो परत येत नाही, म्हणून पुढचे व्यायाम. फक्त गादी काढली असेल तर साधारण ६ आठवड्यांनंतर आणि फ्युजन असेल तर १२ आठवड्यांनंतर, दोन्ही वेळी सर्जनच्या परवानगीनेच सुरू करायचे. आठवड्यातून पाच दिवस, रोज १५ मिनिटं पुरेत. उठल्या उठल्या करू नका. रात्रभर गादीत पाणी भरलेलं असतं आणि पहिल्या तासात ती वाकायला सर्वात नाखूश असते.

पहिले दोन आठवडे फक्त श्वास आणि पोटाची पकड. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, बोटं कंबरेच्या पुढच्या हाडांच्या थोडी आत ठेवा. श्वास सोडताना पोट जरा घट्ट करा, कोणी हलका गुद्दा मारणार असेल तेवढंच. पोट आत ओढायचं नाही, फुगवायचंही नाही. पकड १० सेकंद, श्वास चालू, १० वेळा. श्वास रोखला जात असेल तर जोर जास्त होतोय.

मग ब्रिज. त्याच स्थितीत टाचा नितंबापासून वीतभर दूर ठेवून नितंब उचला. खांदा, खुबा, गुडघा एका रेषेत आले की थांबा. ५ सेकंद, ८ ते १० वेळा. मांडीच्या मागे गोळा येत असेल तर टाचा जवळ घ्या. कंबरेत कळ येत असेल तर तुम्ही फार वर गेला आहात.

तिसरा बर्ड-डॉग, आणि हा बहुतेक जण चुकीचा करतात. हात खांद्याखाली, गुडघे खुब्याखाली. आधी पोटाची पकड. मग उजवा पाय मागे सरकवा, पाऊल जमिनीला टेकलेलंच. कंबर हलली नाही तर पाऊल उचला, पण नितंबाच्या उंचीच्या वर नाही. ते जमलं की डावा हात पुढे. ८ ते १० सेकंद, प्रत्येक बाजूला पहिल्या फेरीत ६ वेळा, दुसऱ्या फेरीत ४, तिसऱ्या फेरीत २. कंबरेवर उलथा चमचा आडवा ठेवून पाहा. पाय उचलताना तो घरंगळला तर खुबा फिरतोय, म्हणजे काम मल्टिफिडसऐवजी दुसरेच स्नायू करताहेत. मग पाय कमी उंच न्या. पाय छताकडे फेकणं ही नेहमीची चूक आहे. त्यात कंबर मागे वाकते आणि फॅसेट सांधे दुखावतात.

चौथा, गुडघे वाकवून साइड प्लँक: कोपर खांद्याखाली, खुबा उचलून १० सेकंद, प्रत्येक बाजूला ५ वेळा. खांद्याचा त्रास असेल तर भिंतीला कोपर टेकवून उभ्याने करा.

पाचवा रोजच्या कामाला सगळ्यात उपयोगी आहे: खुब्यातून वाकणं. सरळ काठी पाठीला लावा, ती डोक्याच्या मागे, पाठीवर आणि माकडहाडावर अशी तीन ठिकाणी टेकली पाहिजे. गुडघे जरा सैल सोडून नितंब मागे न्या. काठी एका जरी जागेवरून सुटली तरी कंबर वाकली समजायचं. १० वेळा. फ्युजन झालेल्यांसाठी हे विशेष महत्त्वाचं, कारण जखडलेले मणके वाकत नाहीत आणि वाकण्याचं काम खुब्याने केलं नाही तर ते फ्युजनच्या वरच्या-खालच्या गादीवर जातं.

पायात नसेचं दुखणं असेल तर नस सरकवण्याचा व्यायाम जोडा. खुर्चीत ताठ बसा. गुडघा सावकाश सरळ करताना नजर वर न्या, गुडघा खाली घेताना हनुवटी खाली. मुंग्या सुरू होण्याच्या आधीच परत फिरायचं. १० वेळा, दिवसातून दोनदा. हे स्ट्रेचिंग नाही. टोकाला नेऊन धरून ठेवलं तर संध्याकाळी पाय जळतो आणि लोक म्हणतात व्यायाम लागू पडला नाही.

गुडघे सरळ ठेवून पायाची बोटं पकडणं, सिट-अप्स, दोन्ही पाय एकदम उचलणं, कंबर जोरात पिळणं हे सगळं सध्या बाद. कोणाकडून मणका 'कडकन' मोडून घेणंही.

पायरी ४: दिवसाचे उरलेले तेवीस तास

अंथरुणातून उठताना सरळ उठून बसू नका. गुडघे वाकवा, खांदे आणि खुबा एकाच वेळी कुशीवर वळवा, पाय खाली सोडताना हाताने अंग वर ढकला. झोपताना उलट क्रम. कुशीवर झोपत असाल तर उशी दोन्ही गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत पुरेल अशी घ्या. फक्त गुडघ्यात घेतली तर पाऊल खाली लोंबतं आणि खुबा पिळला जातो. पाठीवर झोपत असाल तर गुडघ्यांखाली.

बसणं ३० मिनिटांच्या वर नको. गजर लावा आणि दोन मिनिटं उभं राहा. खुर्ची एवढी उंच हवी की खुबा गुडघ्यापेक्षा किंचित वर राहील. टॉवेलची साधारण १० सेंटिमीटर जाडीची गुंडाळी कंबरेच्या बाकामागे ठेवा. पण फ्युजनमुळे कंबर सपाट झाली असेल आणि गुंडाळी खुपत असेल तर काढून टाका. आदर्श बसणं शोधण्यात अर्थ नाही, बदलत राहणं महत्त्वाचं.

शिंक किंवा खोकला येतोय असं वाटलं की एक हात भिंतीला किंवा टेबलाला टेकवा आणि पोटाची पकड घ्या. शौचाला कुंथावं लागत असेल तर त्याच दिवशी त्यावर इलाज करा. ट्रामाडॉलसारख्या गोळ्या बद्धकोष्ठ करतात, कुंथल्याने गादीवर दाब येतो, दुखणं वाढतं, गोळी वाढते. पाणी, चोथा आणि गरज पडल्यास डॉक्टरांनी दिलेलं सौम्य रेचक.

पट्टा सर्जनने सांगितलेल्या काळापुरताच. नंतर दर दोन-तीन दिवसांनी एक तास कमी करत सोडवा आणि लांबच्या प्रवासापुरता ठेवा. तंबाखू, कोणत्याही रूपातली, बंद. निकोटीन हाड जुळण्यात अडथळा आणतं.

शेक, टेन्स आणि व्रणाची मालिश

शेक १५ ते २० मिनिटं, पिशवी आणि त्वचा यांमध्ये टॉवेलचे दोन थर. जिथे बधिर आहे तिथे शेक नको. भाजलेलं कळत नाही. अंगात स्क्रू-रॉड असले तरी साधा शेक चालतो. शॉर्टवेव्ह डायथर्मी (फिजिओथेरपीतलं लहरींनी शेकणारं यंत्र) मात्र चालत नाही, कारण ती खोलवर धातू तापवते. फिजिओथेरपी सुरू करताना ऑपरेशनमध्ये काय बसवलंय हे पहिल्याच दिवशी सांगा, विचारायची वाट पाहू नका.

टेन्स यंत्राबद्दलचे (कातडीवर पॅड लावून सौम्य वीज देणारं यंत्र) पुरावे मिश्र आहेत, पण धोका कमी आहे आणि काहींना चालण्याआधीचा अर्धा तास तरी त्याने सुसह्य होतो. पॅड दुखऱ्या भागाच्या दोन्ही बाजूंना, व्रणावर नाही, बधिर कातडीवर नाही. वारंवारता ८० ते १०० हर्ट्झ, जोर स्पष्ट झिणझिण्या येतील पण दुखणार नाही इतका, वेळ ३० मिनिटं. झिणझिण्या कमी जाणवू लागल्या की जोर थोडा वाढवायचा. न वाढवता 'काही होत नाही' म्हणून यंत्र कपाटात ठेवलं जातं. पेसमेकर असेल तर वापरू नका.

जखम पूर्ण बंद होऊन खपल्या पडल्यावर, साधारण सहा आठवड्यांनंतर आणि डॉक्टरांना विचारून, व्रणाची मालिश सुरू करता येते. दोन बोटांनी व्रणावरची कातडी वर-खाली, आडवी, गोल अशी सरकवा. बोट कातडीवरून घसरता कामा नये, कातडी बोटासोबत सरकली पाहिजे. रोज ५ मिनिटं. स्पर्शच सहन होत नसेल तर आधी रेशमी कापड, मग सुती, मग खरखरीत टॉवेल, असे आठवड्यागणिक बदला.

पायरी ५: औषधं

खालचे आकडे सुरुवात कुठून होते ते कळावं म्हणून. डोस डॉक्टरच ठरवतील.

पॅरासिटामॉल एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम, २४ तासांत ४००० च्या वर कधीच नाही. वजन कमी असेल, यकृताचा त्रास असेल किंवा दारू असेल तर त्याहून बरंच कमी. सर्दीच्या गोळ्यांतही ते असतं, तेही मोजा. आयबुप्रोफेनच्या जातीच्या गोळ्या दुखणं उसळल्यावर थोड्या दिवसांसाठी, पोटात काही असताना. अल्सर, मूत्रपिंड, हृदयविकार किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर नको. फ्युजननंतर पहिल्या काही महिन्यांत सर्जनला विचारून.

जळजळ, करंट, मुंग्या या दुखण्यावर वरच्या गोळ्या फारशा चालत नाहीत. तिथे ड्युलॉक्सेटिन (३० मिलिग्रॅमने सुरुवात, आठवड्याने ६०), अमिट्रिप्टिलीन (रात्री १०), प्रेगाबालिन (रात्री ७५) किंवा गॅबापेन्टिन (रात्री ३००) देतात. यातली चूक दोन बाजूंनी होते. तीन दिवसांत गुण आला नाही म्हणून सोडून देणं ही एक; योग्य डोसवर चार ते सहा आठवडे दिल्याशिवाय निकाल कळत नाही. दुसरी उलटी: उपयोग नसताना वर्षानुवर्षं चालू ठेवणं. २०१७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या २०९ जणांच्या चाचणीत सायटिकावर (कंबरेतून पायात जाणाऱ्या नसेच्या कळेवर) प्रेगाबालिन नकली गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. म्हणून सहा आठवड्यांनी वही उघडा. दुखणं ३० टक्केही उतरलं नसेल तर गोळी हळूहळू उतरवण्याबद्दल विचारा. स्वतःहून एकदम बंद करू नका. अमिट्रिप्टिलीन काचबिंदू, प्रोस्टेटची वाढ आणि हृदयाच्या ठोक्यांच्या बिघाडात त्रास देतं. प्रेगाबालिनने गुंगी, पायांना सूज आणि वजनवाढ होते. ट्रामाडॉल आणि इतर अफूजन्य औषधं जुनाट दुखण्यावर लांब पल्ल्यात निराशा करतात, कधी कधी दुखण्याची संवेदना वाढवतातही, आणि प्रेगाबालिनसोबत घेतल्यास श्वास मंदावू शकतो.

पायरी ६: झोप आणि भीती

दुखणं महिनोन्महिने टिकलं की मज्जारज्जू आणि मेंदू त्या जागेकडून येणारे संदेश मोठे करून ऐकू लागतात. दुखणं खरंच असतं, फक्त त्याचा आकार आणि इजेचा आकार यांचा मेळ राहत नाही. अपुरी झोप आणि वाकण्याची भीती या दोन्हींनी हा आवाज आणखी वाढतो. 'स्क्रू निसटेल' या धास्तीने वर्षभर जमिनीवरचं काही न उचललेल्या माणसाला सर्जनकडून आधी लेखी कळायला हवं की हाड जुळलंय. मग भीतीच्या कामांची यादी करा आणि सर्वात सोप्यापासून रोज एक करा: रिकामी बादली, मग पाव भरलेली, मग अर्धी. मानसोपचारतज्ज्ञांकडची वर्तनोपचार पद्धत यात मदत करते. तिकडे पाठवलं म्हणजे 'दुखणं तुमच्या डोक्यात आहे' असं कोणी म्हणत नाही.

पायरी ७: सुईचे उपाय

तीन महिने हे सगळं नेमाने करूनही अडलं असेल, तर पेन क्लिनिक. पहिल्या पायरीत ओळखलेल्या जागेनुसारच सुई ठरते. नसेच्या कळेसाठी एपिड्युरल स्टेरॉइड, म्हणजे मणक्याच्या नळीत नसांभोवती दिलेलं सूज उतरवणारं औषध. मागचं हाड काढलेल्या पातळीवर व्रण असल्याने अनेकदा माकडहाडाच्या वरच्या फटीतून, कॉडल मार्गाने देतात. गुण काही आठवडे ते तीन महिने टिकतो, म्हणून त्या काळात व्यायाम वाढवायचा. नुसतं आराम करण्यात तो घालवला तर इंजेक्शन वाया. मधुमेहींची साखर काही दिवस चढते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची माहिती आधी द्या. फॅसेट सांध्यांसाठी आधी बधिर करणारं औषध टाकून पाहतात. काही तास स्पष्ट आराम मिळाला तरच रेडिओफ्रिक्वेन्सीने त्या बारीक नसा तापवून निकामी करतात. आराम साधारण ६ ते १२ महिने. नस पुन्हा उगवते, उपचार पुन्हा करता येतो.

शेवटी येतो स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर, म्हणजे मज्जारज्जूजवळ सौम्य वीज देऊन दुखणं दाबणारं यंत्र. तो पूर्ण बिनऑपरेशनचा नाही. तार आणि बॅटरी शरीरात बसवावी लागते. आधी सुमारे आठवडाभर तात्पुरती तार लावून पाहतात आणि दुखणं निम्म्याने उतरलं तरच कायमची. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १०० रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनी पायाचं दुखणं निम्म्याने कमी झालेले स्टिम्युलेटर गटात ४८ टक्के होते, नेहमीच्या उपचारांच्या गटात ९ टक्के. मात्र २०२२ मध्ये नॉर्वेतल्या ५० रुग्णांच्या चाचणीत यंत्र 'बर्स्ट' पद्धतीने (विजेचे झटके झुपक्या-झुपक्यांनी देऊन) चालू आणि पूर्ण बंद यांत फरक दिसला नाही. निर्णय घेण्याआधी हे दोन्ही निकाल डॉक्टरांसमोर ठेवून बोला.

दुखणं उसळलं त्या दिवशी

उसळणार हे धरूनच चाला. पहिल्या दिवशी चालणं निम्मं करा, शून्य नाही. पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवा, खुबा आणि गुडघा काटकोनात, १० ते १५ मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. जागेपणी सलग दोन तासांपेक्षा जास्त झोपून राहू नका. शेक, आणि ठरलेली गोळी दुखणं शिखरावर जायच्या आधी. व्यायामांत फक्त श्वास आणि पोटाची पकड. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चालणं तीन-चतुर्थांश, चौथ्या दिवशी पुन्हा ठरलेल्या मिनिटांवर. वहीत उसळण्याआधीच्या दोन दिवसांत काय झालं ते लिहा: लांबचा प्रवास, जागरण, एकदम जास्त काम. आठवड्यात उतरलं नाही, किंवा वहीत रंगवलेली जागाच बदलली, तर वही घेऊन परत डॉक्टरांकडे, आणि या वेळी तपासणी पहिल्या पायरीपासून.